हेरंबचा नवा गळा

शर्वाणीने संगणकाच्या पडद्यावर नवऱ्याच्या गळ्याची असेम्ब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेला आराखडा, उघडली, कर्करोगाने पोखरलेलं स्वरयंत्र काढलं आणि त्या जागी नवं ठेवलं. त्याबरोबर जुन्या भागाशी बांधलेले सगळे कन्स्ट्रेंट, भागांना जागेवर धरणारे दुवे, तुटून लाल झाले. श्वासनलिका, जिभेचं हाड, स्नायू असं एकेक करत तिने ते पुन्हा जोडले. परक्यांचे गळे ती रोजच जुळवत असे, पण आज प्रत्येक जोड ती दोनदा तपासत होती. शेवटी राहिली स्वरतंतूंमधली फट.

"ही थोडी सैल ठेवली तर आवाज बराचसा तुझाच राहील," ती शेजारी बसलेल्या हेरंबला म्हणाली. "पण घास फुप्फुसात जायची भीती आहे."

"घट्ट कर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला जगायचंय गं. आवाजाची काय, सवय होईल."

तिने फट घट्ट केली. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं स्वरयंत्र त्याच आठवड्यात बसवलं गेलं, आणि जखम भरल्यावर हेरंबने पहिला फोन देवरुखला आईला, माईंना लावला. माईंची दृष्टी केव्हाच गेली होती. मुलाला आवाजावरूनच त्या ओळखत.

"आई, मी बोलतोय."

"कोण आपण?" माईंनी अदबीने विचारलं. "हेरंबला द्या ना जरा."

"आई, मीच हेरंब."

पलीकडे माईंना रडू फुटलं. "अहो, थट्टा करू नका. माझा मुलगा गेला का? खरं सांगा."

शर्वाणीने फोन घेतला, शपथा घेतल्या, पण माईंचं रडणं थांबेना. हेरंब तोंडावर हात दाबून बसून राहिला, कारण तो बोलला की त्या आणखीच रडत होत्या.