कोरडा कोपरा

सकाळपासून तिसऱ्यांदा ओस्वाल्दो टेनिसच्या कोर्टावर पाणी मारत होता. विटेची लाल भुकटी पाणी पिऊन पिऊन काळपट झाली, तरी अर्जेंटिनाच्या संघाच्या कप्तानाचं, सांतिबान्येसचं, समाधान होईना.

"अजून मार," सांतिबान्येस कडेला उभा राहून म्हणाला. "टप्पा पडला की चेंडू तिथेच बसला पाहिजे. त्या इटलीवाल्याकडे सर्व्हिसशिवाय आहे काय?"

इटलीवाला म्हणजे ओस्वाल्दोचाच मुलगा, रेन्सो. याच क्लबात वाढलेला. एकोणिसाव्या वर्षी अर्जेंटिनाच्या संघात त्याला कुणी विचारलं नाही. आजोबांच्या जन्मदाखल्यावर इटलीचाही पासपोर्ट मिळाला होता, तर तिथल्यांनी घेतलं. आता एकतिशी उलटली. उद्या इथेच, बाहिया ब्लांकात, तो अर्जेंटिनाविरुद्ध उतरणार होता, आणि हरला की इटलीवाले त्याला पुन्हा बोलावणार नव्हते. साऱ्या क्लबला हे ठाऊक होतं. कप्तानाला तर होतंच, म्हणून तर हा पाण्याचा मारा.

"काय ओस्वाल्दो, पोटच्या पोराला बुडवतोस होय रे?" कँटीनच्या खिडकीतून नेलीने टोमणा मारला. "निदान साबण तरी दे बिचाऱ्याला!"

"तू तुझी कॉफी बघ, करपतेय."

नेलीच्या तोंडाला कोण लागणार! पण बोलणं लागलं त्याला. सत्तावीस वर्षं तो हे कोर्ट सांभाळत होता. यजमान संघाला हवं तसं कोर्ट करून द्यायचं, ही रीत जगभर चालते. ती मोडली तर नोकरी जाणार, आणि क्लबच्या आवारातली राहती खोलीही जाणार.

म्हणून त्याने चोरी केली होती. एवढीशी. जाळीच्या दोन्ही बाजूंना, सर्व्हिसच्या डाव्या चौकटीच्या बाहेरच्या कोपऱ्यात, चार हात जागा त्याने कोरडी ठेवली होती. नळी तिथे आली की अंगठा दाबून तो धार पलीकडे उडवायचा. रेन्सोची सगळ्यात जहरी सर्व्हिस तिथेच पडायची, अगदी अकरा वर्षांचा होता तेव्हापासून. कोरड्यावर पडली तर उसळेल, निसटेल, दोनचार गुण तरी पदरात पडतील. बापाने आणखी करायचं तरी काय?

दहा वाजता इटलीचा संघ सरावाला आला. बापाजवळून जाताना रेन्सोने नुसती मान हलवली. आल्यापासून दोघांचं धड बोलणंच झालं नव्हतं. वर्तमानपत्रांनी पोराला देश विकणारा म्हटलं होतं, आणि त्यावर बापाने चकार शब्द काढला नव्हता.

रेन्सोने सर्व्हिससाठी चेंडू हातात घेतला, कोर्टावर एक नजर फिरवली आणि तो थांबला.

अरे देवा! माती कुठे गडद, कुठे फिकट, त्यावरून टप्पा कसा येईल हे ओळखायला या कार्ट्याला शिकवलं कुणी? त्यानेच की! बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं ते या एकाच्या डोळ्यांना दिसणार, आणि नेमकं एवढंच ओस्वाल्दो विसरला होता.

रेन्सोने सामनाधिकाऱ्याला हाक मारली. "हे बघा. इथे ओलं, इथे कोरडं. पलीकडेही तसंच. याला काय म्हणायचं?"

अधिकाऱ्याने वाकून मातीला हात लावला. सांतिबान्येसही धावत आला. रेन्सो तोवर बापासमोर येऊन उभा होता.

"तुमच्या संघातल्या त्या डावऱ्या इबार्रासाठी ना हे? त्याची सर्व्हिस याच कोपऱ्यात वळते. वा रे बाबा! चिखल केलास, ते मी समजू शकतो. ते तुझं काम आहे. पण हा फास? स्वतःच्या मुलाला?"

अरे गाढवा, तुझ्यासाठी केलं. एवढंच म्हणायचं होतं. ओस्वाल्दोच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कप्तान हातभर अंतरावर उभा होता, आणि डोळे बारीक करून बघत होता.

"मी तर असलं काही सांगितलं नव्हतं," सांतिबान्येस म्हणाला. "कुणासाठी ठेवलास रे, ओस्वाल्दो?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. नेली खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

"इबार्रासाठी," ओस्वाल्दो म्हणाला.

आपण म्हटलेलं खोटं निघावं अशी रेन्सोची आशा होती की काय, कोण जाणे. मग तो वळला आणि रेषेवर जाऊन उभा राहिला. अधिकाऱ्याने कोपरे भिजवायला सांगितले. ओस्वाल्दोने दोन्ही भिजवले, नीट, पाणी वर तरंगेपर्यंत.

"आणि हे शहाणे मला सांगत होते, बाप आहे, याच्यावर लक्ष ठेवा म्हणून!" सांतिबान्येस हसत सुटला. त्याने ओस्वाल्दोच्या गळ्यात हात टाकला आणि साऱ्या क्लबला ऐकू जाईल असा ओरडला, "बघा रे! याला म्हणतात आपला माणूस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेलीने खिडकी लावून घेतली.

पलीकडे रेन्सो सर्व्हिस मारत होता. एकामागून एक, त्याच कोपऱ्यात. चेंडू पडत होते आणि तिथेच बसत होते.

कप्तानाने अंगातलं संघाचं निळं-पांढरं जाकीट काढून ओस्वाल्दोच्या खांद्यावर टाकलं. "उद्या आमच्या बाकावर बसायचं, माझ्या शेजारी. घाल, घाल. लाजतोस काय!"

ओस्वाल्दोने नळी खाली ठेवली, बाह्यांत हात घातले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. जाकीट अगदी मापाचं निघालं.