मालनची पट्टी

"रॉड ओलसर हैत, जोड तडकंल. आधी तापवाय पायजेत," असं म्हणून मालनने वेल्डिंगचे रॉड भट्टीत ठेवले आणि ती हाताची घडी घालून उभी राहिली. जर्मनीतल्या नोकरीसाठीची ही चाचणी दोन तासांची. बाकीच्या अकराजणांच्या ठिणग्या उडायला लागल्या होत्या. जर्मन साहेबाने घड्याळ पाहिलं. मला वाटलं, गेली हिची संधी.

मालन नववी नापास. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये झाडलोटीला आली आणि वेल्डर झाली. डिप्लोमा नाही म्हणून तिचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. यंदा नियम बदलला, मालकाचं अनुभवपत्र चालू लागलं. ते पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा सही केली.

दुपारी साहेबाने प्रत्येकाची जोडलेली पट्टी प्रेसखाली वाकवली. आठ जोड तडकले. मालनची पट्टी पार दुमडली, पण जोडावर केसाएवढी चीर नव्हती. साहेबाने ती दोनदा उलटून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

दुभाष्याने विचारलं, "साहेब म्हणतात, अशी आणखी कुणी आहे का तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणालो. "एकच होती."