पिवळी लोकर

घराघरांतल्या ओल्या कचऱ्यापासून साखर आणि साखरेपासून प्लास्टिक करणाऱ्या कारखान्यात ती कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्याशी उभी राहून, साखर न होणारं सगळं वेचायची: चमचे, काचा, दोऱ्या. आज पट्ट्यावरून कागदी पुडकं आलं, पिवळ्या लोकरीनं बांधलेलं. गाठ तिचीच. आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची ती लोकर. आई गेल्यापासून बाबांचं जेवण ती रोज असंच बांधून, कामावर येताना त्यांच्या दाराशी ठेवायची. पाठोपाठ दुसरं पुडकं आलं, मग तिसरं. एकही गाठ सुटलेली नव्हती. "अख्खं जेवण फेकतात, माजलेत लोक!" मुकादम खुशीत होता. "आज साखर भरपूर उतरणार बघ." तिनं बाबांना फोन लावला. "जेवताय ना, बाबा?" "हो गं, पोटभर. चव अगदी तुझ्या आईच्या हातची." लोकरीची साखर होत नाही. बाबांनी न सोडलेल्या गाठी तिनं एकेक करून सोडल्या.