नळाचं पाणी

किटलीचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. दारात कासिमिरो उभा होता, थंडीवर चघळायची कोकाची पानं गालात धरून. खिंडीच्या अलीकडे गॅरेज एकच, सातुर्निनाचं. नाहीतर तो या दारात आला नसता. गेल्या थंडीत तिच्या नवऱ्याचा ट्रक खिंडीत बंद पडला होता, आणि हा बघूनही न थांबता निघून गेला होता. सकाळी नवरा गोठलेला सापडला.

"एंजिन तापून लाल, आणि हीटर मात्र गार वारा फेकतोय. आहे की नाही गंमत, बाई?"

"दोघांचं पाणी एकच. तेच गळून गेलंय," बाहेर ट्रकची फाटकी नळी बदलत ती म्हणाली. "आज मुक्काम कुठे?"

"खिंडीतच. एंजिन बंद करून मस्त ताणून देणार."

फळीवर न गोठणाऱ्या कूलंटचा कॅन होता. तिने नळाखालची बादली उचलली आणि रेडिएटर काठोकाठ भरला.

ट्रक दिसेनासा झाला. इतका वेळ शेजारी उभी राहून बघणाऱ्या लेकीच्या टोपीची नाडी बांधायला ती खाली बसली.



"आई, नळाचं पाणी रात्री गोठतं ना? मग उद्या खिंडीत बाबांच्या क्रॉसवर फुलं ठेवायला जाताना या काकांचा ट्रक बंद पडलेला दिसला, तर आपण थांबायचं ना?"