तिसरी तक्रार

नगरसेविकाबाई दर रविवारी वॉर्डाच्या ग्रुपवर आठवड्याचा हिशेब मांडायच्या. कुठलं गटार उपसलं, सभेत कुठला ठराव पास झाला. शेवटी ठरलेली ओळ: "एकाच कामाची तिसऱ्यांदा तक्रार आली, तर मी स्वतः बघायला येईन."

त्याच वॉर्डात एकट्या राहणाऱ्या त्यांच्या आईने लिहिलं, "माझ्या दारासमोरचा दिवा बंद आहे."

वायरमन जाऊन आला. "ताई, दिवा चांगला चालू आहे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाईंनी वैतागून फोन लावला.

"आई, माझ्या माणसांना उगाच हेलपाटे कशाला घालायला लावतेस?"

"बरं बाई. आता नाही करत तक्रार."

तिसरी तक्रार शेजाऱ्यांनी केली. "तुमच्या आईंच्या घरातला दिवा कालपासून जळतोय, दिवसासुद्धा. दार वाजवलं, उघडत नाहीत."

बाई स्वतः गेल्या.