खालून काढलेले फोटो

कॉव्हेंट्रीला परतल्या परतल्या यतीनने फ्लॉरेन्सचे फोटो दाखवले, तेव्हाच आसावरीला शंका आली. मेरी आणि मोनालिसातला फरक न कळणारा आपला नवरा, म्हणे वीकेंडभर एकटाच फ्रा अँजेलिकोची चित्रं बघत हिंडला!

"हे तू काढलेले नाहीत."

"मीच काढलेत."

"सहा फुटी माणसाने काढलेले फोटो असे येतात? चर्च असो की म्युझियम, प्रत्येक देवदूत खालून! किती बुटकी आहे रे ती?"

यतीन चहा ढवळायचा थांबला.

"व्हीलचेअर भाड्याने घेतली होती. तिच्यात बसून फिरलो. तुला नेण्याआधी, तुला तिथून काय दिसेल ते बघायचं होतं."

आसावरीने चाकं ढकलत आपली खुर्ची त्याच्या शेजारी आणली.

"पहिल्यापासून दाखव."