जिथं बसेल तिथं

"एवढा वेळ कुठं होतीस? शिपाई दोनदा बोलावून गेला," सुकन्याने दबक्या आवाजात लेकीला दटावलं.

"बाथरूमला," वृषाली म्हणाली आणि आईचं बोट धरून हेडमास्तरांच्या खोलीकडे चालू लागली. एरवी ती केव्हाच पुढे पळाली असती. आज पळाली नाही, हे बघून सुकन्याला जरा धीर आला.

वृषाली दहा वर्षांची, आणि पायाला भिंगरी. तिसगावच्या शाळेत चौथीचं आख्खं वर्ष तिने वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून काढलं होतं, कारण बाकावर ती दोन मिनिटं टिकत नसे आणि शेजारच्यांनाही टिकू देत नसे. धावायला लागली की मात्र तालुक्यातली थोराड पोरंही मागे पडत. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हिला हायपरअ‍ॅक्टिव्ह म्हणतात, सिस्टर. मुद्दाम नाही करत ती. शाळा तेवढी नीट बघून निवडा."

सुकन्या तिसगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. नगरात मावशीकडे लेकीच्या राहण्याची सोय होती. पाचवीसाठी दोन खासगी शाळा हेरून तिने दोन्हींचे फॉर्म भरून पर्समध्ये ठेवले होते. आज शेवटची तारीख. द्यायचा मात्र एकच.

"पळनारी पोर हाय, पळू दे की तिला," नवरा रामहरी आदल्या दिवशी म्हणाला होता. "केडगावच्या शाळंला लई मोठं ग्राउंड हाय."

"ग्राउंड काय चाटायचंय? जिथं ही वर्गात बसेल, तिथं घालीन," असं म्हणून सुकन्याने विषय संपवला होता. वृषाली तेव्हा उंबऱ्यावरून उड्या मारत होती. कान मात्र घरात होते.

सकाळी आधी केडगाव झालं. वृषालीने नवे कॅनव्हासचे बूट काढून आईच्या हातात दिले आणि अनवाणीच मैदानाला तीन चकरा मारल्या. खेळाचे गोरक्ष सर हातातल्या घड्याळाकडे बघतच राहिले. मग वर्गात बसवून बघितली, तर पाचव्या मिनिटाला पोर खिडकीत.

"बसत न्हाई तर न्हाई," गोरक्ष सर हसले. "उभ्यानं शिकवू. मधनंमधनं ग्राउंडाला एक चक्कर मारून आली की पुन्यांदा वर्गात. ही पोर आमाला द्या, ताई."

सुकन्याच्या डोक्यात तिडीक गेली. उभंच राहायचं, तर तिसगाव काय वाईट होतं?

निघताना वृषालीच्या टाचेत सराटा रुतला. मैदानाच्या कडेने त्यांचं रानच माजलं होतं. सुकन्याने काटा काढला, औषध लावलं, वर चिकटपट्टी लावली. तेवढा वेळ पोर दगडासारखी बसून होती.

"आता कशी गप बसलीस?" सुकन्या वैतागून म्हणाली. "तशी वर्गात बसली असतीस तर?"

 बूट घालायचे सोडून वृषाली पुन्हा कुंपणाशी गेली आणि मातीत काहीबाही उकरत बसली. हाका मारून मारून सुकन्याचा घसा दुखला. रिक्षात बसल्यावर बघते, तर पर्समध्ये चिकटपट्टीचं रीळ नाही. तिथंच राहिलं असणार. आजचा दिवसच तसला होता.

आणि आता सावेडीची ही शाळा. शिस्तीची, दहावीच्या निकालाची. हेडमास्तरांनी वृषालीला स्टुलावर बसवलं आणि मुद्दाम कागद चाळत राहिले. त्यांचं अर्धं लक्ष पोरीवर आहे, हे सुकन्याला दिसत होतं. ती जीव मुठीत धरून भिंतीवरचं घड्याळ बघत होती. खिडकीबाहेर खो-खो रंगला होता. शिट्टी वाजली, पोरी ओरडल्या. झालं, सुकन्याच्या मनात आलं, आता ही उठली.

वृषाली उठली नाही. तिने मानसुद्धा वळवली नाही. हात गुडघ्यांवर, पाय फरशीवर घट्ट रोवलेले. वरच्या ओठावर तेवढा घाम आला होता आणि एकदा डोळे पाणावले. घाबरली असेल बिचारी. हेडमास्तरांनी पाढे विचारले, कविता म्हणायला लावली, मग पुन्हा नुसतंच बसवून ठेवलं. पाऊण तास गेला.

"सिस्टर, हिच्या दाखल्यावर 'चंचल' असा शेरा कुणी मारलाय?" त्यांनी चष्मा काढला. "इतकी स्थिर मुलगी यंदा दुसरी आली नाही आमच्याकडे."

सुकन्याला रडूच कोसळलं. वर्षभर दाराबाहेर उभी असलेली आपली पोर अखेर आत बसली होती. तिने एक फॉर्म टेबलावर ठेवला. केडगावचा फाडून टोपलीत टाकला.

जिना उतरताना वृषाली कठडा धरून एकेक पायरी उतरली. एरवी ती तीन-तीन पायऱ्या गाळायची. एका दिवसात केवढा फरक, म्हणून सुकन्याला कौतुक वाटलं.

आवारातल्या लिंबाखाली तिने डबा उघडला. "बघ, शाळा चांगली असली की मन आपोआप बसतं. आवडली ना?"

"तुला आवडली का?" वृषालीने विचारलं.

"लई!"

"इथं रोज किती तास बसायचं असतं?"

"साडेपाच."

वृषालीने जरा विचार केला. मग खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढून आईपुढं धरलं. त्यावर जेमतेम बोटभर पट्टी उरली होती.

"मग दवाखान्यातनं अजून आणावी लागंल," ती म्हणाली आणि तिने बूट काढला. पांढरा मोजा टाचेशी लाल झाला होता, आणि बुटात चिकटपट्टीवर ओळीने सराटे बसवलेले होते, काटे वर करून.